खाम नदीच्या पल्याड

बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे ही आमच्या शहराची जुनी बढाई आहे. दरवाजांपैकी बरेच पडले, काही पाडले गेले, आणि जे उरले ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून मोटारींचे आणि रिक्षांचे धक्के सोसत आहेत. पुऱ्यांची नावे मात्र लोकांच्या तोंडात अजून घट्ट आहेत. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, त्याआधी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ ते औरंगाबाद होते, आणि त्याच्याही आधी ते खडकी होते. पण रिक्षावाल्याला 'बेगमपुरा' म्हणून सांगावे, की तो मान डोलावून खाम नदीच्या दिशेला हँडल वळवतो. राज्ये गेली, पण पत्ते राहिले!

पुण्याला पेठा, तसे आम्हांला पुरे. फरक एवढाच, की पुण्याच्या पेठा वारांच्या आणि पेशव्यांच्या घरातल्या माणसांच्या नावांनी वसल्या. आमचे पुरे बहुतेक बाहेरून आलेल्या माणसांच्या नावांनी वसले. कोणी बिकानेरचा, कोणी बुंदीचा, कोणी आमेरचा. खामच्या काठाने नुसते चालत गेले तरी राजपुतान्याचा अर्धा नकाशा पायाखाली येतो.

ही खाम नदी म्हणजे काही मुळा-मुठेसारखी बारमाही वाहणारी, पुलावर उभे राहून पाहावी अशी नदी नव्हे. जटवाड्याच्या डोंगरात ती उगम पावते, हर्सूलच्या तलावातून खाली येते, हिमायत बागेला वळसा घालते, आणि जुन्या शहराची उत्तर-पश्चिम बाजू धरून बेगमपुरा, पाणचक्की, छावणी असे टप्पे घेत पुढे गोदावरीला मिळते. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तिच्यात पाणी थोडे. तरीही या शहराच्या इतिहासात तिचे काम फार मोठे आहे. तिने शहराला पाणी पाजले नाही. तिने शहराला 'अल्याड' आणि 'पल्याड' दिले. अल्याड तटबंदी, सराफा, कचेऱ्या, गर्दी. आणि तटाच्या आत जे मावत नव्हते, किंवा ज्याला आत मावून घ्यायचे नव्हते, ते सारे पल्याड.

जगात इतरत्रही असे घडले आहे. लंडनच्या वरच्या अंगाला टेम्स नदीच्या काठी ट्विकनॅम नावाचे उपनगर आहे. इंग्रजी घेऊन बी. ए. केलेल्यांना ते आठवेल, कारण अलेक्झांडर पोप हा कवी १७१९ साली तिथे राहायला गेला आणि १७४४ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. नदीकाठी घर, घरामागे बाग, आणि बागेत जायला रस्त्याखालून खणलेले शंख-शिंपल्यांनी मढवलेले भुयार, असा त्याचा थाट. पण हा कवी शहर सोडून नदीकाठी गेला तो केवळ हवा खायला नव्हे. तो रोमन कॅथलिक होता, आणि त्या पंथाच्या माणसाने लंडनपासून दहा मैलांच्या आत राहण्यास त्या काळी कायद्याची आडकाठी होती. शहराने ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच्या नावाने ते उपनगर पुढे प्रसिद्धीस आले. आमच्या बेगमपुऱ्याकडे पाहताना मला हे ट्विकनॅम नेहमी आठवते.

पल्याडचे पहिले रहिवासी शहराच्याही आधीचे. बेगमपुऱ्याच्या मागे जो डोंगर दिसतो, त्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत. त्यांतली बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतली. एक चैत्यगृह त्याहूनही जुने. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत या लेण्यांची उपेक्षा झाली आहे. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेली माणसे कोरली आहेत. पुरुषभर उंचीची, फुलांच्या माळा हातात घेतलेली, अंगावरच्या दागिन्यांसकट. देवांच्या मूर्ती आपण पुष्कळ पाहतो. देवापुढे बसलेल्या भक्तांना एवढ्या प्रेमाने कोरलेले क्वचित दिसते. भिक्षूंनी ही जागा का निवडली असेल, हे तिथे उभे राहिले की कळते. वस्ती दिसते, पण वस्तीचा कोलाहल वर येत नाही.

१६१० साली मलिक अंबराने खडकी गावी आपली राजधानी वसवली आणि डोंगरातले पाणी भुयारी नहरींतून शहरात आणले. तो हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. पण पाण्याची त्याची दृष्टी पाहिली की थक्क व्हायला होते. पुढे मोगल आले. शाहजादा औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आला तेव्हा, १६५३ साली, त्याने शहराला आपले नाव दिले. १६५७ साली त्याची बेगम दिलरस बानू बाळंतपणानंतर वारली. तिची कबर तटाच्या आत नव्हे, नदीपलीकडे बांधली गेली. तोच आपला बीबी का मकबरा, आणि त्या बेगमेच्या नावाने वसला तो बेगमपुरा.

मकबऱ्याला 'गरिबांचा ताजमहाल' म्हणण्याची जी रूढी पडली आहे, तिचा मला मनस्वी कंटाळा आहे. पाहुणे येतात, दारातच "ताजसारखाच की हो, पण लहान" असे म्हणतात, छायाचित्र काढतात आणि निघून जातात. संगमरवर कमी पडला, म्हणून कमरेइतक्या उंचीच्या वर चुन्याचा गिलावा केला, हे खरे. पण तो गिलावा जवळून पाहावा. त्यातली नक्षी कापडावरच्या भरतकामासारखी आहे, आणि इतकी वर्षे उन्हापावसात उभी आहे. प्रवेशद्वाराच्या पितळी पत्र्यावर अताउल्ला हा स्थापत्यकार आणि हंसपत राय हा अभियंता, अशी दोघांची नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाच्या कामाशी आपले काम जन्मभर ताडून पाहिले जाणार, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असणारच. खर्चाचा आकडा सहा लक्ष अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा सांगतात. ते सात आणे मला फार आवडतात. औरंगजेबाच्या हिशेबी स्वभावाला ते शोभून दिसतात. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जात असता त्याला या कामासाठी संगमरवर वाहणाऱ्या तीनशेहून अधिक गाड्या भेटल्या. त्यांतल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते.

आता एवढी मोठी कबर उभी राहिली म्हणजे तिला माणसे लागतात. माळी, पाणक्ये, कुराण वाचणारे, दिवाबत्ती करणारे, गवंडी, त्यांची बायकामुले, त्यांचा वाणी, त्यांचा न्हावी. वस्ती वाढली तसा बेगमपुऱ्याला स्वतःचा तट आला आणि स्वतःचे पाणी आले. हे पाणी शेजारच्या खामचे नव्हे. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी खापरी नळांतून, जमिनीखालून, कोणी न ढकलता केवळ उताराच्या जोरावर वस्तीत यायचे. नळाचे सांधे चुन्याने भरलेले. जागोजाग उंच बांधलेले चौकोनी खांब, त्यांत पाणी चढायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरायचे. म्हणजे कोंडलेली हवा सुटे आणि दाब आटोक्यात राही. पाणी आपली पातळी शोधते, या साध्या गोष्टीवर सारा कारभार. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद त्या व्यवस्थेची आठवण देत उभा आहे. मोगल बेगमेच्या पुऱ्यात थत्त्यांचा हौद, हे ऐकून पुण्याचे पाहुणे चमकतात. त्यांना काय सांगावे? इथे सगळे असेच मिसळलेले आहे.

बेगमपुऱ्याला लागून जयसिंगपुरा आणि पहाडसिंगपुरा; खामच्या काठाने पुढे गेले की पदमपुरा, कर्णपुरा, भावसिंगपुरा. दख्खनच्या मोहिमांवर येणारे राजपूत सरदार आपली फौज, नातलग, पुजारी घेऊन यायचे आणि शहराबाहेर मोकळ्या जागी वसायचे. वर्षा-दोन वर्षांसाठी म्हणून आलेले कित्येक परत गेलेच नाहीत. बिकानेरचा राजा कर्णसिंह १६६९ साली इथेच वारला. त्याच्या नावाचा कर्णपुरा, त्याचा मुलगा पदमसिंह याच्या नावाचा पदमपुरा. कर्णपुऱ्याच्या देवीचे मंदिर त्याच राजाचे असे मानतात. नवरात्रात तिथे जी जत्रा भरते, तिच्यात रेवड्या घेणाऱ्या किती जणांना बिकानेर आठवत असेल? आणि आठवायची गरज तरी काय? देवी आता इथली झाली. पहाडसिंगपुऱ्यातला सोनेरी महाल बुंदेल्यांचा, ओर्छ्याच्या पहाडसिंहाचा. भिंतींवर एके काळी सोन्याच्या रंगात चित्रे होती, म्हणून सोनेरी. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे आणि शांतता आहे.

जयसिंगपुऱ्याचा जयसिंह म्हणजे पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा. त्या तहामुळेच १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याला निघाले, आणि वाटेत या शहरी त्यांचा मुक्काम झाला. भीमसेन सक्सेना नावाचा मोगलांच्या नोकरीतला कायस्थ लेखक, ज्याचे बालपण याच शहरात गेले, त्याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. महाराजांना पाहायला लोक लोटले. पण सुभेदार सफशिकन खान तोऱ्यात राहिला. स्वतः सामोरा न जाता त्याने पुतण्याला पाठवले. महाराजांनी त्याची दखलच घेतली नाही. ते सरळ आपल्या मुक्कामी गेले. तेव्हा खानसाहेबांना उपरती झाली आणि ते सगळ्या अंमलदारांसह भेटीला आले. आग्र्याच्या दरबारात पुढे जे घडले, त्याची रंगीत तालीमच म्हणा ना!

सगळेच पाहुणे तलवार घेऊन आले नाहीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस बुखाऱ्याकडचे नक्षबंदी पंथाचे एक सूफी, बाबा शाह मुसाफिर, खामच्या काठी तकिया करून राहिले. १७१५ साली ते वारले. त्यांच्यामागे शिष्य शाह महमूद यांच्याकडे गादी आली, आणि निजामुल्मुल्काच्या पदरचा तुर्कताज खान याने तिथे पाण्यावर चालणारी चक्की बांधली. हीच आपली पाणचक्की. शाळेच्या सहलीत ती पाहिली नाही असे मूल मराठवाड्यात विरळा. पण सहलीत कोणी समजावून सांगत नाही, म्हणून सांगतो. काही मैलांवरच्या डोंगरातला झरा, तिथून खापरी नळ, आणि शेवटी एक उंच भिंत. नळ त्या भिंतीच्या माथ्यापर्यंत चढतो आणि पाणी तिथून धबधब्यासारखे हौदात कोसळते. त्याचाच एक फाटा खाली बसवलेल्या आडव्या चक्राच्या पात्यांवर जोराने पडतो. चक्राचा दांडा खालच्या तळीतून वर येऊन वरच्या पाळूला फिरवतो. पीठ पडते. ना बैल, ना माणूस, ना कोळसा. फकिरांना, वाटसरूंना, अनाथ मुलांना भाकरी मिळावी म्हणून हा खटाटोप होता. हौदाच्या खाली थंडगार दालने आहेत, म्हणजे हौदाचा तळ हेच त्यांचे छप्पर. उन्हाळ्यात तिथे उतरले की मे महिना विसरायला होतो.

या तकियात एक पाहुणा सात वर्षे राहिला, आणि मराठी वाचकांना तो ठाऊक नसावा याचे मला वाईट वाटते. अवधमधल्या बिलग्रामचे गुलाम अली आझाद हज करून आले ते परत घरी गेलेच नाहीत. खामच्या काठी, पाणचक्कीच्या आवाजात राहिले. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषांत त्यांचा अधिकार. शहरातल्या शाहनवाज खान या अमिराशी त्यांची मैत्री होती. शाहनवाज खानाने मोगल सरदारांच्या चरित्रांचा एक प्रचंड कोश लिहायला घेतला होता. आज इतिहासकार त्याला 'मआसिर-उल-उमरा' म्हणून ओळखतात. १७५८ साली शाहनवाज खानाचा खून झाला, घर लुटले गेले, आणि हस्तलिखिताची पाने इतस्ततः पांगली. आझादांनी ती शोधून शोधून गोळा केली, लावली, गाळलेली जागा भरली आणि ग्रंथ उभा केला. मित्राच्या रद्दी झालेल्या कागदांमागे असे हिंडणारा माणूस मिळणे हे मोठ्या भाग्याचे. ज्या राजपूत राजांच्या नावांचे पुरे वर सांगितले, त्यांतल्या कित्येकांची चरित्रे आज आपण वाचतो ती त्या धडपडीमुळे. आझाद १७८६ साली वारले; खुलताबादला त्यांची कबर आहे.

१७६३ साली निजामाची राजधानी हैदराबादेला गेली. दरबार गेला की काय होते ते सांगायला नको. वाडे ओस पडले, बागांची राने झाली. मग इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची फौज आली. तिनेही राहायला नदीपलीकडचीच जागा घेतली, ती आजची छावणी. सरळ रस्ते, कौलारू बंगले, गिरजाघर, गुरुवारचा बाजार. जून १८५७ मध्ये याच छावणीतल्या घोडदळाने बंडाचे निशाण उभारले. पुण्याहून वुडबर्नची फौज आली, आणि पकडलेल्या शिपायांना काला चबुतऱ्यावर देहदंड दिला गेला. त्या जागेला आता क्रांती चौक म्हणतात.

विसाव्या शतकात नदीपलीकडे जो पाहुणा आला, त्याने मात्र साऱ्या मराठवाड्याचे नशीब पालटले. १९४८ साली निजामी राजवट संपली तेव्हा इथल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद किंवा पुणे-मुंबई गाठावी लागे. शेतमजुराच्या, गावकुसाबाहेरच्या पोराने ते स्वप्नही पाहू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले, आणि छावणी व बेगमपुरा यांच्यामधल्या माळावर ते उभे केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे त्याला नाव मिळाले मिलिंद महाविद्यालय, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा यवन राजा, नागसेन हा उत्तरे देणारा भिक्षू. प्रश्न विचारायला आलेल्या मुलांसाठी याहून चांगले नाव कुठले सुचणार? शिवाय समोरच्या डोंगरात त्या भिक्षूंच्या गुंफा होत्याच.

भाषेच्या माणसाला इथे एक योग फार विलक्षण वाटतो. संत रैदासांच्या एका प्रसिद्ध पदात 'बेगमपुरा' नावाच्या नगराचे वर्णन आहे. तिथला बेगमपुरा राणीचा नव्हे. 'बे-गम', म्हणजे जिथे दुःख नाही, कर नाही, उच्चनीच नाही असे गाव. आणि बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस वाहिला, ते नंदनार, रैदास आणि चोखामेळा. दोन वर्षांनी त्यांचे महाविद्यालय उभे राहिले ते नेमके एका बेगमपुऱ्याच्या वेशीला. हा योगायोगच, पण मी वर्गात तो सांगितला की मागच्या बाकावरची मुलेही वही उघडतात.

या नागसेनवनाने मराठी साहित्याला जे दिले ते तर आमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. प्राचार्य म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे ही तिथलीच माणसे. १९६७-६८ मध्ये 'अस्मितादर्श' निघू लागले, आणि दलित साहित्याला हक्काचे पान मिळाले. ज्यांचा आवाज मराठी मासिकांत क्वचितच ऐकू येई, त्यांनी नदीच्या पल्याडून मराठीची वहिवाट बदलून टाकली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते विद्यापीठही याच बाजूला, लेण्यांच्या पायथ्याशी सुरू झाले. त्याच्या नावासाठी १९७८ पासून सोळा वर्षे जो संघर्ष झाला, गावोगावी जी घरे जळली आणि जे जीव गेले, ते मराठवाड्याने विसरू नये. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव बदलले. दर संक्रांतीला विद्यापीठाच्या कमानीपाशी लोटणारा जनसमुदाय ज्याने पाहिला आहे, त्याला कमान म्हणजे नुसते दगड-सिमेंट वाटणार नाही.

एवढ्या सगळ्यांना जागा देणाऱ्या नदीला आम्ही काय दिले? सांडपाणी. शहर वाढले, पाइप थेट पात्रात सोडले गेले, कचऱ्याचे ढीग काठावर आले, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी तिचे नाव 'नाला' झाले. नहरींचे हाल याहून वाईट. नदी निदान दिसते. नहर जमिनीखाली, तिचा कैवार कोण घेणार? कोणी पाया खणताना नळ फोडतो, कोणी त्यावर भिंत घालतो, कुठे झाडाची मुळे सांध्यात शिरतात. एक नळ फुटला की त्यापुढच्या साऱ्या वस्तीचा झरा आटतो. बाहेरून जायकवाडीचे पाणी आणून, तेही काही दिवसांच्या अंतराने, पिणाऱ्या शहराने आपल्या उशाशी असलेली फुकटची पाणीव्यवस्था अशी मोडू द्यावी, याला काय म्हणावे?

अगदीच निराशा आहे असे नव्हे. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि काही मंडळी यांनी मिळून खाम साफ करण्याचे काम धरले आहे. लोखंडी पुलाच्या बाजूला जिथे नाक धरून जावे लागे, तिथे झाडे लागली, फिरायला वाट झाली. गाळ काढलेल्या पात्रात बगळे उतरू लागले आहेत. बेगमपुऱ्याच्या वरच्या अंगाला अजून पुष्कळ व्हायचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत कोणी पाहुणे आलेच, तर त्यांना मोटारीतून थेट मकबऱ्याला नेऊ नका. मकाई दरवाजापाशी उतरवा. जुन्या अरुंद पुलावरून, रहदारी चुकवत, पायी नदी ओलांडा. बेगमपुऱ्याच्या गल्लीतून जाताना डावी-उजवीकडे पाहा: एखाद्या घराच्या पायात जुन्या तटाचा दगड दिसेल, एखाद्या अंगणात नहरीचा बुजलेला खांब. मकबरा पाहून झाला की विद्यापीठावरून लेण्यांच्या पायऱ्या चढा. पाचच्या सुमारास पोचलात तर बरे. ऊन कलते, खाली मकबऱ्याचा घुमट पिवळसर होतो, विद्यापीठाची झाडी काळवंडू लागते, आणि तिच्यापलीकडे, घराघरांत दिवे लागताना, खामची रेघ तेवढी बिनदिव्याची दिसते.